साथीच्या उगमाचा प्रश्न आणि शिक्षकाचे कर्तव्य

(इयत्ता सहावी व सातवी : इतिहास व सामान्य विज्ञान यांचा समवाय-पाठ)



वरच्या प्राथमिक इयत्तांस संसर्गजन्य रोगांचा भाग शिकवीत असता विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात : "करोनाचा रोग कोणी तरी मुद्दाम सोडला होता, हे खरे काय?" किकवी परिसरातील शाळांच्या भेटींत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. आज या वर्गांत बसणारी मुले २०२० साली अंगणवाडीत किंवा पहिलीच्या उंबरठ्यावर होती. त्या वर्षाची त्यांची स्वतःची आठवण थोडी. जी आहे ती घरी, पारावर आणि मोबाइलवर ऐकलेल्या गोष्टींची आहे. शाळा का बंद झाली, आजोबा का गेले, मुंबईहून आलेल्या काकांना चौदा दिवस वेगळे का ठेवले, या प्रश्नांची उत्तरे त्यांना बहुधा या गोष्टींतूनच मिळालेली असतात.

हा प्रश्न आला म्हणजे आपण तो दोन प्रकारांनी टाळतो. कोणी "असे काही नसते, खाली बस" असे म्हणतात, तर कोणी "कोण जाणे, असेलही" असे म्हणून पुढे जातात. दोन्ही उत्तरे सदोष आहेत. पहिल्याने मुलाची शंका फिटत नाही, ती केवळ वर्गाबाहेर जाते. दुसऱ्याने तर अधिक हानी होते. कारण गुरुजींच्या तोंडचे "असेलही" घरी पोहोचेपर्यंत "गुरुजीच तसे म्हणाले" असे होते. वास्तविक हा प्रश्न शिकविण्याजोगा आहे, आणि तो शिकविण्यास लागणारी पुष्कळ सामग्री आपल्या पुणे जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. प्रस्तुत लेखात या पाठाची दिशा सुचविली आहे.

हेतुकथन

"साथ कोठून आली व का आली, याविषयी ज्या गोष्टी पसरतात त्या कशा पारखाव्या, हे आज आपण शिकू," असे हेतुकथन करावे. शिक्षकाने स्वतः मात्र एक तत्त्व मनाशी पक्के धरावे. साथीच्या उगमाविषयीच्या कंड्या केवळ अज्ञानातून पिकत नाहीत. त्या अविश्वासातून पिकतात. म्हणून मुलास माहिती देणे पुरेसे नाही. माहिती कशी मिळते, आणि ती मिळालेली नसेल तेव्हा प्रामाणिक मनुष्य काय बोलतो, हेही त्यास दाखविले पाहिजे.

विवेचन : १८९६-९७ चा प्लेग

१८९४ साली हाँगकाँग येथे गाठीच्या प्लेगची मोठी साथ आली. तेथे अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने त्या रोगाचा जंतू शोधून काढला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या कोठारांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. म्हणजे जंतू माहीत होता, रोगही ओळखला गेला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. घाण व दूषित हवा हेच कारण असे समजून अधिकाऱ्यांनी गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक ॲसिडने धुतली, घरे रिकामी केली, सामान जाळले. आपणांस खरे कारण माहीत नाही असे मात्र कोणी लोकांस सांगितले नाही. रोग्यांस बळाने इस्पितळात नेण्याचा उपक्रम तेवढा जोरात सुरू झाला.

ही रिकामी जागा लोकांच्या कल्पनेने भरून काढली. त्याच सुमारास मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाने राणी कोपली असून तिने नगरवासीयांची काळजे मागितली आहेत, त्यासाठीच इस्पितळात माणसे नेतात, अशी वदंता उठली. रोग्यास उलटे टांगून त्याच्या अंगची 'मोमियाई' काढतात, ही जुनी भीतीही पुन्हा जागी झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढे लोक रोगी माळ्यावर, कोठीत, कपाटामागे दडवू लागले. लाखो माणसे मुंबई सोडून गेली आणि त्यांच्या सामानसुमानाबरोबर रोगही गावोगाव गेला.

पुण्यात १८९७ च्या आरंभी साथ भडकली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेगचा बंदोबस्त देण्यात आला. गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती झाली. देवघर व स्वयंपाकघर यांची मर्यादा राहिली नाही. सामानाची नासधूस झाली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा भाग शिकविताना शिक्षकाने एक गोष्ट नीट उलगडून दाखवावी. राणीने काळजे मागितल्याची गोष्ट खोटी होती. परंतु लोकांवर झालेली जबरदस्ती खरी होती. जे सरकार घरात घुसून अपमान करते, ते काळीजही काढील, असे लोकांस वाटले. खऱ्या दुःखाने खोट्या गोष्टीस बळ दिले. अफवा पसरविणारा अडाणी होता एवढेच मुलांस सांगितले, तर इतिहासाचा अर्धा भाग आपण झाकून ठेवतो.

याच साथीत विश्वास कसा मिळविला जातो याचीही उदाहरणे आहेत. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्या सेवेतच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी सरकारी जुलमावर टीका केली, पण त्याच वेळी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यातही पुढाकार घेतला. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांविरुद्ध गंभीर आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा हाती येईना, तेव्हा त्यांनी जाहीरपणे ते आरोप मागे घेतले. त्यांच्यावर त्या वेळी बरीच टीका झाली. जुलूम झालाच नाही असा त्याचा अर्थ नव्हे; जे सिद्ध करता येत नाही ते विधान उभे ठेवावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ होय.

उत्तर कसे सापडले

१८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराची येथे प्रयोग करून दाखविले की, प्लेगचा जंतू आजारी उंदरापासून निरोगी उंदराकडे जातो तो पिसवांच्या द्वारे. प्रथम त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९०५ पासून नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत पुन्हा पुन्हा प्रयोग केले, तेव्हा ही गोष्ट सर्वमान्य झाली. उंदीर मेला की पिसवा त्याचे अंग सोडतात व माणसास चावतात, हे त्याचे साधे कार्यकारण आहे.

येथे मुलांस एक मौज सांगावी. "उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावे," असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसवांचे कार्यही ठाऊक नव्हते. पण निरीक्षण अचूक होते. खेड्यातील मनुष्य सांगतो म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही आणि अधिकारी सांगतो म्हणून खरी ठरत नाही. उंदीर पडले की नाही हे कोणासही पाहता येत होते. राणीची आज्ञा कोणीच पाहिली नव्हती. खरा भेद हा आहे.

प्लेगच्या लसीची कथाही याच प्रकारची आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष लसीचा की हाताळणीचा, याची चौकशी दीर्घकाळ चालली व १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. दुर्घटना खरी होती. ती दडविली असती तर अफवेला कायमचे खाद्य मिळाले असते. भारतात या साथीने पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली, हे ध्यानी घेतले म्हणजे विश्वास व अविश्वास यांची किंमत मुलांस कळेल.

दुसऱ्याकडे बोट

साथीच्या उगमाचा प्रश्न पुष्कळदा "कोणाचा दोष?" या प्रश्नाचे रूप घेतो. १३४९ साली युरोपात प्लेग पसरत असता ज्यू लोकांनी विहिरींत विष घातले अशी आवई उठली. स्ट्रासबुर्ग नगरात १४ फेब्रुवारी रोजी शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्या दिवसापर्यंत तेथे प्लेग पोहोचलाही नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएंझास जग 'स्पॅनिश' म्हणू लागले. त्याचे कारण एवढेच की, महायुद्धात भाग घेणाऱ्या देशांनी साथीच्या बातम्या दाबून ठेवल्या आणि तटस्थ स्पेनच्या वृत्तपत्रांनी त्या उघड छापल्या. ज्याने खरे सांगितले त्याच्याच माथी रोगाचे नाव बसले.

काही वेळा कंडी पिकविणाराच कारस्थानी असतो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रिअट' या वृत्तपत्रात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार केला, असा त्यात आरोप होता. ही गोष्ट पुढे अनेक देशांत फिरली. तिच्यामागे सोव्हिएत गुप्तहेर खात्याची प्रचारमोहीम होती, हे १९९२ साली रशियाच्या गुप्तहेर विभागाच्या प्रमुखांनीच मान्य केले. एड्सचा विषाणू आफ्रिकेतील वानरांपासून माणसात आला, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.

करोनाचा उगम : काय ठाऊक आहे

३१ डिसेंबर २०१९ रोजी चीनमधील वुहान नगरातील न्यूमोनियाच्या रुग्णांची वार्ता जागतिक आरोग्य संघटनेस कळली. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि ११ मार्चला संघटनेने या रोगास जागतिक महासाथ म्हटले. हा विषाणू वटवाघळांतील विषाणूंच्या कुळातला आहे. तो प्राण्यापासून माणसात आला, याकडे उपलब्ध पुराव्याचा अधिक झुकाव आहे, असे संघटनेच्या तज्ज्ञ गटाने जून २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की, प्रयोगशाळेतील अपघाताची शक्यता तपासण्यास आवश्यक ती माहिती चीनकडून मिळाली नाही. म्हणून ती शक्यता तपासताही आली नाही व वगळताही आली नाही.

हे मुलांस जसेच्या तसे सांगावे. "प्रयोगशाळेतून अपघाताने निसटला असेल काय?" हा प्रश्न विचारणे म्हणजे अफवा पसरविणे नव्हे; शास्त्रज्ञांनीही तो विचारला आहे. मात्र "अमुक देशाने जग मारण्यासाठी सोडला, सर्व डॉक्टर त्यात सामील आहेत, आणि पुरावा नाही हाच पुरावा" असे म्हटले की तो प्रश्न राहत नाही, ती कारस्थानकथा होते. प्रश्न उत्तराची वाट पाहतो. कारस्थानकथेस उत्तर आधीच मिळालेले असते. २००२ साली उद्भवलेल्या सार्स रोगाच्या विषाणूचे मूळ शोधीत शास्त्रज्ञ युन्नानमधील वटवाघळांच्या गुहेपर्यंत पोहोचले, तो अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षे लागली. शोधास वेळ लागतो, हाही या पाठाचाच एक भाग आहे.

फलकावर लिहावयाचे चार प्रश्न

(१) ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली, आणि त्यास ती कशी कळली? "पुढे पाठविलेले आहे" हे उत्तर नव्हे.

(२) काळ व स्थळ जुळतात काय? मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, फाइव्ह-जीच्या मनोऱ्यांमुळे माणसे मरतात अशी आवई उठली होती. दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात खुलासा केला की देशात फाइव्ह-जीच्या चाचण्यादेखील सुरू झालेल्या नाहीत. ती सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जी वस्तू नव्हतीच तिने रोग कसा होईल, हे सहावीचे मूलही ओळखते.

(३) ही गोष्ट खोटी असेल तर ते कशावरून कळेल? जी गोष्ट कशानेच खोटी ठरू शकत नाही, तिच्यापासून सावध राहावे.

(४) ही गोष्ट मानल्याने कोणाचे नुकसान होईल? या प्रश्नाने खरेखोटे ठरत नाही. पण बोलण्यापूर्वी थांबावे किती, हे ठरते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी भुमका उठली आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचे भाव कोसळले. कित्येकांनी पक्षी फुकट वाटले. त्याच वर्षी दिल्लीतील एका धार्मिक मेळाव्यास आलेल्या परदेशी नागरिकांवर रोग पसरविल्याचे गुन्हे नोंदविले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ते रद्द केले आणि संकटकाळी बळीचा बकरा शोधला जातो, असे मत नोंदविले.

पाठ घेताना घ्यावयाची काळजी

वर्गात पाठ घेण्यापूर्वी कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी कोणी दगावले आहे, याची माहिती शिक्षकास असावी. ज्या मुलाचे वडील गेले, त्यास कारस्थानकथा पुष्कळदा हवीशी वाटते. कारण विनाकारण झालेल्या मृत्यूपेक्षा कोणी तरी केलेला मृत्यू मनास समजण्यास सोपा जातो. अशा मुलाचे मत खोडण्याची घाई करू नये. त्याचे दुःख प्रथम ऐकावे.

मुलाने घरी ऐकलेले मत वर्गात सांगितले तर त्याची टिंगल होऊ देऊ नये, आणि पालकांस अडाणी ठरवू नये. ते मत फलकावर लिहावे आणि वरील चार प्रश्न त्यास लावावे. निर्णय मुलांनाच काढू द्यावा. सरकारी यंत्रणेच्या चुकांचा विषय निघाला तर तो टाळू नये. २०२० मध्ये आपणांपैकी पुष्कळांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले आहे. दार कोणत्या घरी उघडले आणि कोणत्या घरी उघडले नाही, हे आपण पाहिले आहे. जेथे पूर्वीपासून येणे-जाणे होते तेथे दार उघडले.

आणखी एक सूचना. "हे अजून कळलेले नाही" असे म्हणण्यास शिक्षकाने लाजू नये. १८९६ साली अधिकाऱ्यांनी हे एक वाक्य लोकांपुढे मोकळेपणाने उच्चारले असते, तर कदाचित काही रोगी माळ्यावर दडविले गेले नसते. जो शिक्षक न कळलेल्यास न कळलेले म्हणतो, त्याच्या "हे निश्चित आहे" या शब्दास वजन येते. गोवराची किंवा धनुर्वाताची लस घ्यावयाची की नाही, असा प्रश्न उद्या गावात उठला, तर हेच वजन उपयोगी पडेल.

उपयोजन व स्वाध्याय

(१) घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून, त्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून प्लेगविषयी ऐकलेली एक गोष्ट लिहून आणा. तीत डोळ्यांनी पाहिलेले किती व ऐकलेले किती, हे वेगळे करा.

(२) करोनाविषयी ऐकलेली कोणतीही एक गोष्ट वहीत लिहा व तिला चारही प्रश्न लावा. उत्तर "ठरत नाही" असे आले तरी तसेच लिहा.

(३) येर्सिन, सिमाँ व हाफकिन यांच्या कामाचा कालक्रम कोष्टकात मांडा. रोग ओळखणे, कारण सापडणे व उपाय मिळणे यांत किती वर्षे गेली ते काढा.

(४) पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, कार्य काय आहे, याची माहिती शिक्षकांच्या साहाय्याने मिळवा.

हा पाठ दोन तासिकांत पुरा व्हावा. पहिलीत प्लेगचा इतिहास घ्यावा, दुसरीत चार प्रश्नांचे उपयोजन. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील निवडक गोष्टी व त्यांवरील त्यांची उत्तरे केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस आणावीत. तेथे आपण त्या मिळून वाचू, आणि ज्या शंकांची उत्तरे एका शाळेस देता आली नाहीत ती वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे मांडू. मुलांच्या शंका मुलांच्या शब्दांतच आणाव्या. त्या सुधारून लिहू नयेत.